मास्तरांची नजर

माझ्या वडिलांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, हे आमच्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्या दोघांत मी नव्हते. एक ते स्वतः, दुसरी आई. मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कळलं तेही एका परक्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून, आणि अर्धवट.

बाबा कापड रंगवायच्या कारखान्यात रंगमास्तर होते. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा पाठवतं, त्याबरहुकूम हजारो मीटर कापड रंगवायचं असतं. रंग जुळला की नाही हे रंगमास्तर सांगतो. बाबांनी मान हलवल्याशिवाय रंगखात्यातून हातभर कापड बाहेर जात नसे. बावीस वर्षांत त्यांचा एकही लॉट परत आला नव्हता. नव्या कामगारांना जुने सांगायचे, "मास्तरांची नजर म्हणजे नजर."

ही नजर आपल्या घराण्याची, असं आत्याचं म्हणणं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्यामागे ती आमच्याकडेच राहायला आली होती. माझ्यातलं काय कुठून आलं याची वाटणी तिनं केव्हाच करून टाकली होती. उंची, नाक आणि गणित त्यांच्याकडचं. सर्दी, हट्ट आणि घाणेरडं अक्षर आईकडचं. चांगलं निघालं की "बापावर गेली", वाईट निघालं की "खाण तशी माती". आई ऐकून घ्यायची. तिचं लक्ष घड्याळाकडे असायचं, कारण बाराला तिला डबा घेऊन निघायचं असे.

कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. आई रोज दुपारी स्वतः डबा न्यायची. रंगखात्याच्या उत्तरेकडच्या खिडकीत बाबांचं टेबल होतं. तिथे ते जेवायचे, ती समोर बसायची आणि अर्ध्या तासानं परत यायची. अंगात ताप असतानाही ती गेलेली मला आठवते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मास्तरीणबाईंचा जीव बघा नवऱ्यावर!" मलाही तसंच वाटायचं. थोडा हेवाही वाटायचा, कारण माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला आई दुपारची आली नव्हती.

मला जहाजावर जायचं होतं. सफर म्हणून नव्हे, जहाज चालवायला. दोन वर्षं मी त्या परीक्षेचा अभ्यास केला. लेखी झाली, मुलाखत झाली, उरली फक्त वैद्यकीय तपासणी. वेळ दिली होती दुपारी बाराची. अर्थात आई येऊ शकत नव्हती.

"तिला डबा सुटत नाही," आत्या म्हणाली. "चल, मी येते."

वजन झालं, छाती झाली, कान झाले. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे एक वही ठेवली. पानापानावर ठिपक्यांचं वर्तुळ. "आकडा दिसेल तो वाच."

पहिल्या पानावर बारा होते. मी वाचले. दुसऱ्या पानावर नुसतेच ठिपके. तिसऱ्यावरही. मला वाटलं ही काहीतरी गंमत असेल, रिकामी पानंही मुद्दाम घातली असतील. सहाव्या पानानंतर बाईंनी वही मिटली.

"लाल कुठला, हिरवा कुठला, हे आजवर कसं ओळखत होतीस?"

"पाठ आहे," मी म्हणाले. "सगळेच पाठ करतात ना?"

"कसं पाठ केलंस?" त्यांनी विचारलं. मग मी सांगत गेले. माझ्या खडूंवर आई कागद गुंडाळून नावं लिहायची. माझ्या कपड्यांच्या आतल्या शिवणीत ती टाके घालायची, लालला एक, हिरव्याला दोन. पान हिरवं असतं, वीट लाल असते, हे मी पाढ्यांसारखं घोकलं होतं. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येऊ लागलं आणि मी थांबले.

आत्यानं तोंड उघडलं. "हे आलं कुठून पण? हिच्या आईच्या वडिलांना असलं काहीतरी होतं म्हणे. भाजीचा मळा होता त्यांचा, आणि पिकलेले टोमॅटो त्यांना कळत नसत. लहानपणी हिची आईच तोडून द्यायची. म्हणजे आईकडूनच ना?" तिच्या आवाजात समाधान होतं. वाटणी बरोबर निघाली होती.

"ते अर्धं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर दोन उभ्या रेघा ओढल्या. "हे रंग ओळखणं शरीरात एके ठिकाणी लिहिलेलं असतं असं समजा. मुलीकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडलेली निघाली तरी दुसरीवर भागतं. हिच्या आईचं तसंच असणार. वडिलांची बिघडलेली प्रत तिला मिळाली, पण दुसरी चांगली, म्हणून तिला सगळं दिसतं. मुलग्याकडे मात्र एकच प्रत असते, आईकडून आलेली. ती बिघडली की संपलं. म्हणून हे पुरुषांत बरंच आढळतं, बायकांत अगदी क्वचित."

"मग हिला कसं?"

"हिच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. एक आईकडची, एक वडिलांकडची. आणि वडिलांकडे एकच असते, तीच ते मुलीला देतात. दुसरी द्यायला त्यांच्याजवळ नसतेच. तेव्हा हिच्या वडिलांनाही हे आहे. लाखात एखादा अपवाद सोडला, तर असणारच."

आत्या हसली. "अहो बाई, माझा भाऊ रंगमास्तर आहे. बावीस वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण लावलं. नंतर त्या आत्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या. "घरी गेल्यावर आधी आईशी बोल. एकटी बोल."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या असतील. पण त्या 'एकटी'नं आमच्या घराला चूड लावली.

परतताना मी बसमध्ये रडत होते, जहाज गेलं म्हणून. आत्या खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं तिलाही माझं वाईट वाटतंय.

संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन बसले. आत्यानं दाराला कडी लावली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. रेघा, प्रती, सगळं. तिला इतकं नीट समजलं असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी ती आईकडे वळली.

"माझ्या भावाची नजर अख्खं गाव जाणतं. तेव्हा ही पोर कुणाची, ते आता तूच सांग."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती आत्याकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. मीही बाबांकडे बघितलं. ते आता उठतील, आत्याला दोन शब्द सुनावतील, असं मला वाटलं. बाबा आपल्या नखांत अडकलेला रंग कोरत होते.

"अहो," आई म्हणाली. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणतात तर असेल काहीतरी. मला त्यातलं काय कळतं?"

एवढंच. आईचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला सांगता येणार नाही. ती आत गेली आणि तिनं जेवण वाढायला घेतलं.

त्या दिवशी डबा घासायला मी घेतला. एरवी आई मला त्याला हात लावू देत नसे. वरच्या झाकणात कापडाचे चार चौकोनी तुकडे होते. एकाचा एक कोपरा दुमडलेला, दुसऱ्याचे दोन. तिसरा सरळ, चौथ्याचा पुन्हा एक. मी ते हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिले. एक आणि दोन. लालला एक, हिरव्याला दोन. हा हिशेब मला माझ्या कपड्यांच्या शिवणीतून पाठ होता.

सकाळी आत्या बाहेर गेल्यावर मी ते तुकडे आईपुढे ठेवले. तिनं नाकारलं नाही.

ती लग्नाआधी त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. बाबा तेव्हा नवीन होते. एकदा त्यांनी चुकीचा तुकडा पास केला. तो उचलताना ते ज्या तऱ्हेनं उजेडाकडे वळले, ज्या तऱ्हेनं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले, ते तिनं आपल्या वडिलांच्या मळ्यात जन्मभर पाहिलेलं होतं. तिनं तुकडा गुपचूप बदलला आणि कुणाला बोलली नाही. त्यातूनच पुढे दोघांचं लग्न झालं. गडद-फिका त्यांना तिच्याहून चांगला कळायचा, रंग कापडात सारखा मुरलाय की नाही ते ते बोटानं सांगायचे, हजार कृती त्यांच्या डोक्यात होत्या. फक्त एवढंच दिसत नव्हतं. मग ती रोज दुपारच्या उजेडात जाऊन बघायची. एक कोपरा दुमडला की लाल वाढवा, दोन दुमडले की हिरवा. सरळ तुकडा म्हणजे जुळला. दाखवून झाले की तुकडे कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ती डब्याच्या झाकणात घालून घरी आणायची.

"आणि माझं?" मी विचारलं. "माझं तुला केव्हा कळलं?"

"तू चार वर्षांची होतीस. झाडाला तपकिरी पानं काढलीस. शाळेच्या बाईंनी बोलावलं होतं, म्हणाल्या डोळे दाखवा."

"मग?"

"डोळे दाखवले असते तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता, वडील काय करतात?"

"म्हणजे त्यांची नोकरी वाचवायला तू मला— दोन वर्षं मी परीक्षेचा अभ्यास करत होते आई. तू मला पहाटे उठून चहा करून देत होतीस! तुला माहीत होतं मला घेणार नाहीत."

"वाटलं, तपासत नसतील."

"जहाजावर? दिवे लाल-हिरवे असतात!"

"वाटलं, तू लेखीतच नापास होशील," ती हळूच म्हणाली. "मग सांगायची वेळच येणार नाही."

मी तिला खूप बोलले त्या दिवशी. ते इथे लिहीत नाही. ती तुकड्यांचे कोपरे सरळ करत बसली होती. बाराला ती उठली, डबा भरला आणि गेली. आदल्या संध्याकाळी ज्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती, त्याला रंग सांगायला गेली.

चार दिवस ती तशी जात राहिली. तेवढ्यात आत्यानं गल्लीत जे पेरायचं ते पेरलं. बायका आईला बघून पाण्याचा नळ मोकळा करून देऊ लागल्या. आदरानं नव्हे. माझ्या नाकाकडे लोक निरखून बघायचे. हेच नाक आत्यानं एकोणीस वर्षं त्यांच्या घराण्याच्या खात्यात धरलं होतं. ते आता कुणाचं, याच्यावर अटकळी सुरू झाल्या.

पाचव्या संध्याकाळी माझा धीर सुटला. माझ्याजवळ दोन ओढण्या होत्या, एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या. एक लाल, एक हिरवी. कुठली कुठली ते मी शिवणीतले टाके बघून पक्कं केलं. मग आत्यासमोर, आईसमोर त्या बाबांच्या मांडीवर ठेवल्या.

"बाबा, यातली लाल कुठली?"

"हा काय खेळ आहे?"

"खेळच. सांगा ना."

आत्या म्हणाली, "सांग रे, आणि एकदाचं तोंड बंद कर हिचं."

बाबांनी दोन्ही ओढण्या हातात घेतल्या. कापड पारखताना करायचे तसं त्यांनी काठावरून बोट फिरवलं. अंगठा एका जागी थांबला. मग दुसऱ्या ओढणीवर त्याच जागी. मी त्या अंगठ्याकडे बघत होते, आईही बघत होती.

"ही लाल," बाबा म्हणाले, आणि बरोबर ओढणी पुढे केली.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. मग आईला म्हणाली, "आता तरी कबूल कर."

आईनं मुलीसाठी घातलेला टाका त्यांनी अंगठ्यानं वाचला होता. आईविरुद्ध साक्ष द्यायला. मी ओरडले, "टाके आहेत त्याला! त्यांनी टाके मोजले!" पण आत्याला ते रडकं निमित्त वाटलं. आणि टाके कोणी घातले, कशाला घातले, हे सांगायला आईनं तोंड उघडलं नाही. तिनं दोन्ही ओढण्या घेतल्या, घडी केल्या आणि कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले तरी आई उठली नाही. स्वयंपाक केलेला होता, डबा रिकामा होता. आत्यानं विचारलं, "आज नाही जायचं?" आई म्हणाली, "ताई, मी अशी. माझ्या हातचं त्यांना कशाला?"

साडेबाराला कारखान्याचा म्हातारा गेटवाला आला. मास्तरांनी डबा मागवलाय आणि हे दिलंय, म्हणाला. हे म्हणजे एक पाकीट. आईनं उघडलं. आत गिऱ्हाइकाचा नमुना आणि पाच तुकडे होते. तिनं ते खिडकीपाशी नेले, एकेक करून नमुन्याशी ताडून पाहिले. मग इस्त्री गरम केली, पाचही तुकड्यांवर फिरवली, आणि कडक सरळ करून पाकिटात परत घातले. डबा भरून गेटवाल्याच्या हाती दिला.

"ते सगळे जुळत होते?" मी विचारलं.

"एकही नाही."

सरळ तुकडा म्हणजे जुळला. बाबांनी त्या पाचही तुकड्यांच्या रंगाच्या टाक्या पास केल्या. एका मोठ्या इस्पितळाच्या गणवेशाचं कापड होतं, हिरवं. ते चिखलासारखं निघालं. तपासणीच्या टेबलावरच्या बायकांनी आरडाओरडा केला, मॅनेजर धावत आले. त्यांना आधी वाटलं नमुन्यातच घोटाळा आहे. म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर दोन तुकडे टेबलावर ठेवले. "मास्तर, गिऱ्हाइकाचा कुठला आणि आपला कुठला, तेवढं दाखवा."

तिथल्या एका बाईनं मला नंतर सांगितलं. बाबांनी कापड चाचपलं. पोत एकच होता. त्यांनी उजेडाकडे धरलं. मग त्यांनी माणसांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, एकेका चेहऱ्याकडे, कुठूनतरी काही कळेल म्हणून. शेवटी एक तुकडा उचलला. कुणी हसलं नाही. मॅनेजर म्हणाले, "मास्तर, बसा. पाणी प्या."

बावीस वर्षांची झाकली मूठ अशी उघडली. डोळे तपासले गेले, कागद झाला, नोकरी गेली.

आई आता निर्दोष ठरली होती. मला वाटलं आत्या तिचे पाय धरेल. आत्या म्हणाली, "इतकी वर्षं केलंस, आणखी चार दिवस केलं असतंस तर काय बिघडलं असतं? भावाला माझ्या भर कारखान्यात तोंडघशी पाडलंस." गल्लीचंही मत हळूहळू तेच झालं. बाईनं सांभाळून घ्यायला हवं होतं. ज्यांनी तिच्यासाठी नळ मोकळा केला होता, त्यांनी तो पुन्हा केला, वेगळ्या कारणासाठी. बाबा एकदाच बोलले, भिंतीकडे तोंड करून. "ते तुकडे तू इस्त्री केलेस."

"हो," आई म्हणाली.

महिन्याभरानं मॅनेजर घरी आले. इतकी वर्षं रंग कोण बघत होतं हे त्यांना कळून चुकलं होतं. आईला त्यांनी बाबांच्याच टेबलावर बोलावलं. ती गेली. कारखान्याजवळ खोली घेऊन आम्ही दोघी राहायला लागलो. आईचं आणि माझं त्यानंतर सगळं ठीक झालं, असं लोक धरून चालतात. आम्ही एका खोलीत राहिलो, इतकंच खरं. मी बंदराच्या कचेरीत कागदपत्रांच्या कामाला लागले. जहाजं मला खिडकीतून दिसतात.

लग्न ठरायच्या आधी मी त्या माणसाला सांगून टाकलं. माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, मुलगी झाली तर तुझी चांगली प्रत तिला वाचवेल, मुलगा झाला तर वाचवायला कुणी नाही. तो म्हणाला, "एवढंच ना?" त्याला एवढंच वाटलं. मला मुलगा झाला.

बाबा बघायला आले. आत्या तोवर वारली होती, ते एकटेच राहत होते. बाळाला त्यांनी मांडीवर घेतलं, बराच वेळ बघत राहिले.

"याला पण?" त्यांनी विचारलं.

"हो. असणारच."

"माझ्याकडून आलं," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं. जे ऐकायला आई त्या भिंतीला टेकून उभी होती, ते. मी गप्प बसायला हवं होतं. पण डॉक्टरांनी मला जे समजावलं होतं ते मी सांगून बसले. "तसं नक्की नाही बाबा. माझ्याकडे दोन आहेत, एक तुमची, एक आईची. याला त्यातली एकच आली. कुठली, ते वरून बघून कुणालाच सांगता येत नाही."

"म्हणजे तिचीही असेल?"

"असेल."

त्यांनी मान हलवली. बाळाला माझ्याकडे दिलं, कपडे झटकले आणि ताठ उभे राहिले. मला रंग कळत नाहीत, पण चेहरे कळतात. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.